आंबट झऱ्याचा बर्फ

हिदेगपाताक,
रविवार, २ नोव्हेंबर १९९७

प्रिय गाश्पारबाची,

मागच्या महिन्यात तुम्हाला पाठवलेल्या टिपणात मी एक चूक केली आहे. ‘१६ फेब्रुवारी १९६४ च्या आइस हॉकी सामन्याचा बर्फ नेहमीप्रमाणे ओढ्याच्या पाण्याचा होता’ असं मी त्यात लिहिलं आहे. तो ओढ्याच्या पाण्याचा नव्हता. कृपा करून तेवढं वाक्य खोडा. पेनाने खोडा, पेन्सिलने नको.

काल कबरींवर लावायच्या मेणबत्त्या शोधताना पिठाच्या पेटीमागे आजोबांची बर्फाची वही सापडली. तुम्हाला ती आठवत असेल. मला ती होती हेच माहीत नव्हतं. एकोणीस हिवाळे मैदानाचा बर्फ तेच ओतायचे आणि त्यांनी रोज लिहिलं आहे: थंडी किती, पिंपं किती, पाणी कुठलं. त्या सामन्याच्या आदल्या दिवशी असं आहे: ‘शनिवार १५. उणे एकतीस. ओढ्याचा नळ फुटला. एकेचाळीस पिंपं, आंबट झऱ्याची.’ खाली दुसऱ्या दिवसाची एकच ओळ: ‘रविवार १६. सकाळी नऊ, बॉयलर पेटवला.’ तो खेळाडूंच्या खोल्या गरम ठेवण्यासाठी असणार. त्यापुढची सगळी पानं कोरी आहेत.

आंबट झरा कधी गोठत नाही हे खरं, पण म्हणून त्या पाण्याचा बर्फ करायचा? आपण ते पितो तेव्हा नाकात झिणझिण्या येतात आणि घागर आठवड्यात गंजते. त्याचा बर्फ कसा झाला असेल?

मी टिपणातलं बाकी सगळं पुन्हा तपासलं. देशाचा संघ खिंडीत हिमपातात आगगाडीसह अडकला, त्यांच्या जर्सी मात्र आधीच्या गाडीने सामानातून पुढे आल्या होत्या. स्वीडनचा संघ येऊन बसलेला. राजधानीहून आलेल्या साहेबाने घाबरून त्या जर्सी आपल्या गावच्या लाकूडगिरणीच्या बारा कामगारांना घातल्या. स्वीडनने तीन गोल केले, मग आपण चार. ४-३. संध्याकाळी खरा संघ पोचला तेव्हा साहेबाने कागदावर लिहिलं, ‘यजमान संघ न पोचल्याने सामना झाला नाही’, आणि तेव्हापासून तो झालेला नाही. एवढं सगळं बरोबर आहे ना? तुम्ही गोलात उभे होतात, तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार.

क्लबचे अध्यक्ष लाझारबाची, तुमच्यासारखेच सगळ्या गावाचे काका, हे टिपण छापून वाटणार आहेत, ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी, मैदानाच्या कडेच्या नव्या फळ्यांच्या उद्‌घाटनाला. त्या दिवशी आजोबांनी बर्फावर यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. माझी तर सगळ्यांहून जास्त. ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि त्या सामन्यानंतर त्यांनी बर्फावर पाऊल ठेवलेलं नाही. विचारलं की म्हणतात, “तो विजय माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस.” इतके दिवस मला वाटत होतं की सामना कागदावरून पुसला म्हणून ते रागावलेत. आता भीती वाटते की कारण या वहीत आहे. खराब बर्फाने आपल्याला जिंकवलं का? तसं असेल तर मी ‘जिंकलो’ कसं लिहू?

खरं काय ते मला सांगा. आजी तुम्हाला आशीर्वाद पाठवते आणि विचारते, तिकडे डुकराची चरबी मिळते का.

तुमची,
बोर्बाला

*

फालुन, स्वीडन
१२ नोव्हेंबर

बोरी पोरी,

खोडलं तुझं वाक्य. पेनाने. माझी मुलगी खांद्यावरून बघत होती, म्हणाली, “बाबा, कोर्टाचा कागद आहे का?” मी म्हटलं, त्याहून वाईट, वेरोंकाच्या नातीचं पत्र आहे.

तुझी आजी माझी मावसबहीण. लहानपणी आम्ही दोघं मनुके चोरायचो आणि तीच रविवारी जाऊन पाद्रीबाबांना सांगायची, वर नगही सांगायची. तुझ्यात ते कुठून आलं ते कळलं. तुला तर पहिल्या तीन इयत्ता शाळेतही पाठवलं नाही, छाती नाजूक म्हणून स्वयंपाकघराच्या टेबलावर आजी-आजोबांनीच शिकवलं. मग आणखी काय होणार!

अगं, बर्फ आंबट झऱ्याचा होता हे आम्हा बाराही जणांना माहीत होतं. सकाळी पाऊल टाकलं आणि वास नाकात. रंग गंजक्या तव्याचा, अंगात भोकंच भोकं. आमचा मधला गडी म्हणाला, “हा बर्फ आहे की चीज? यावर खेळायचं की पावावर ठेवून खायचं?” पण उणे एकतीसमध्ये नळ फुटल्यावर तुझ्या आजोबाने, दोमोकोशने, काय करावं? गावात वाहतं पाणी तेवढंच. आपल्याकडचा कोणीही माणूस तेच करेल. दुसऱ्या कुठल्या गावात हा घोटाळा होऊच शकत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या गावात एवढं आंबट पाणी नाही!

आता ऐक. पहिल्या सत्रात त्यांनी तीन मारले. त्यांचा एक नऊ नंबर होता, मानेवर पिवळे केस. तो आला की मला वाटायचं दार उघडं राहिलंय आणि वारा आत येतोय. तिसरा गोल वाचवताना माझी भुवई फुटली. मध्यंतरात गुरांच्या डॉक्टरने ती शिवली. भूल म्हणून अर्धा पेला पालिंका दारू, तोही त्यानेच प्यायला. म्हणाला, “हललास तर शेपटीला टाका घालीन.” मी खोलीत होतो, बाहेर काय चाललं होतं ते मला दिसलं नाही. नंतर आम्ही चार मारले. शेवटच्या मिनिटाला चकती माझ्या पोटाखाली आली, मी तिच्यावर जो झोपलो तो पंचाने शिट्टी तीनदा वाजवली तरी उठलो नाही. लोक फळ्या ओलांडून आत. आमचा चर्चचा घंटेकरी एवढा भान विसरला की त्याने आगीची घंटा वाजवली आणि शेजारच्या गावाहून बंब आला!

आणि मग तो साहेब. ओल्या जर्सी आमच्या अंगावरून सशाची कातडी सोलावी तशा सोलून घेतल्या. “उद्या बोलू,” म्हणाला. तो उद्या अजून यायचा आहे.

बर्फ दोघांनाही तोच होता, बोरी. ज्याला पडायचं तो पडला. छाप आणि स्वस्थ झोप.

चरबी मिळते, पण खारवायची अक्कल नाही.

तुझा,
गाश्पारबाची

*

हिदेगपाताक,
रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय गाश्पारबाची,

‘बर्फ दोघांनाही तोच होता’ हे वाक्य मी टिपणात घातलं, दोन दिवस ठेवलं आणि काढून टाकलं. त्याचं कारण सांगते.

मंगळवारी उणे नऊ होतं. मी अंगणात शेजारी शेजारी दोन पट्टे ओतले, एक ओढ्याच्या पाण्याचा, एक आंबट झऱ्याचा. दोन्ही सात सात थरांचे, आजोबांच्या वहीत जसं आहे तसे. मग एकाच जोराने चकती सोडली. ओढ्याच्या बर्फावरून ती कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत गेली आणि कोंबडा अजून माझ्याशी बोलत नाही. आंबट बर्फावर चार पावलांत थांबली. स्केट घालून पाहिले तर पातं रुततं, कड तुटते. म्हणजे वेगवान माणसाचं नुकसान जास्त. पाठीवर धोंड्याचं पोतं दोघांनाही तेवढंच दिलं, तरी धावणाऱ्याला ते चालणाऱ्यापेक्षा जड पडतं. तुम्ही मला फसवलंत असं मी म्हणत नाही. पण तुमचं उत्तर पुरेसं नव्हतं.

आणि नंतर जे झालं त्यामुळे माझीही शंका चुकीची ठरली. ते जसंच्या तसं लिहिते.

मी गुडघे टेकून आंबट पट्टा मोजत होते. आजोबा काठी टेकत बाहेर आले. तपकिरी बर्फ पाहून थांबले.

“वही सापडली वाटतं,” म्हणाले.

“हो.”

“पिठाच्या पेटीमागे?”

“हो. आजोबा, आपण या बर्फामुळे जिंकलो का?”

ते हसले. मला अपेक्षा नव्हती. “या बर्फामुळे? पोरी, आंबट बर्फावर आपण तीन गोल खाल्ले. चार मारले ते ओढ्याच्या पाण्यावर.”

मग त्यांनी सांगितलं. मध्यंतरात, तुमच्या भुवईपायी ते चाळीस मिनिटं लांबलं म्हणे, त्यांनी सगळा वरचा थर खरवडला आणि गिरणीच्या बॉयलरमधून कढत पाणी आणून पातळ ओतलं. ओढ्याचं पाणी, आठ पिंपं. पिंपाला मागे चिंधी बांधून, उलट्या पावलांनी, जसं ते नेहमी करत. उणे बावीसमध्ये तो थर काचेसारखा बसला.

“मग तर उत्तमच झालं!” मी म्हटलं. माझा जीव इतका हलका झाला की मी तिथेच बर्फावर बसले.

“काय उत्तम?” ते म्हणाले. “पाहुण्याला मोडकी खुर्ची दिली, आणि आपलं पोर पडल्यावर मग सुतार बोलावला. शून्य-तीन झाल्यावर मी बर्फ दुरुस्त केला. आपण तीन-शून्य पुढे असतो तर केला असता का? मला माहीत नाही, बोरी. तेहतीस वर्षं मी स्वतःला विचारतोय. मला माहीत नाही.”

आणि शेवटी, जमिनीकडे बघत, आणखी एक. ते पाणी ओतत असताना स्वीडनचा तो पिवळ्या केसांचा नऊ नंबर फळीजवळ आला, आपल्या काठीने बर्फाचा तुकडा फोडला, तोंडात घातला, चव घेतली, आणि आजोबांच्या पायाशी थुंकला. मग हात वर केला. “बरोबर केलं त्याने,” आजोबा म्हणाले. “त्याने ओळखलं होतं.”

गाश्पारबाची, मला अक्षरं आजोबांनी शिकवली, खिडकीच्या काचेवर जमलेल्या हिमावर खिळ्याने. एक अक्षर चुकलं की ते काचेवर फुंकर मारायचे आणि सगळी ओळ जायची. “एक अक्षर दुरुस्त केलं तर तिथे खड्डा दिसतो. ओळ पुन्हा लिही.” त्या माणसाला मी ‘विसरून जा आणि मैदानावर या’ असं कोणत्या तोंडाने सांगू?

लाझारबाचींना सांगितलं की टिपण इतक्यात छापू नका. त्यांनी टोपी काढून टेबलावर आपटली. “अगं बाई, एक पान आहे ते! देवळाची कमान नाही! चार ओळी, थोडं मीठ, थोडी मिरपूड, खाली तारीख!” मी म्हटलं, तारीख तेवढी पक्की आहे. मग त्यांनी मला दहा डिसेंबरपर्यंत मुदत दिली आणि जाताना म्हणाले, “दोमोकोशपेक्षा तू वाईट आहेस, तो निदान गप्प तरी बसतो.”

म्हणून विनंती. तुम्ही स्वीडनमध्ये आहात. तो नऊ नंबर जिवंत असेल तर त्याला शोधा आणि विचारा की तो का थुंकला. उत्तर वाईट असलं तरी तसंच कळवा. गोड करून लिहू नका, मला ते ओळखू येतं.

आणि मध्यंतरात तुम्हाला खरंच काही दिसलं नाही का? भुवई शिवायला चाळीस मिनिटं लागत नाहीत.

तुमची,
बोर्बाला

ता. क. आजी म्हणते, चरबी खारवण्याची कृती पाठवते, पण आधी खरं बोला.

*

फालुन,
४ डिसेंबर

बोरी, माझे आई,

या आठवड्यात तुझ्यापायी मी दोन बस बदलल्या, एका म्हाताऱ्याबरोबर सहा कप कॉफी प्यायलो आणि स्वतःची लाज काढून घेतली. क्रमाने सांगतो, नाहीतर तू क्रम मागशील.

नऊ नंबर जिवंत आहे. नाव तोर्स्तेन. इथून दोन तासांवर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, हिवाळ्यात स्केटला धार लावून देतो. जुन्या खेळाडूंच्या संघटनेला माझ्या मुलीने फोन केला आणि त्यांनी पाच मिनिटांत पत्ता दिला. तेहतीस वर्षांत मी तो फोन का केला नाही, असं तू विचारशील. पुढे येतंय.

दुकानात गेलो. पिवळे केस गेलेत, डोकं माझ्यासारखंच. मी माझी भुवई दाखवली, फक्त भुवई, आणि हिदेगपाताक म्हटलं. तो उठला, काउंटर ओलांडून आला आणि त्याने मला उचललं! साठीच्या माणसाने चौसष्ट वर्षांच्या माणसाला, गिऱ्हाइकांसमोर! “पोटाखाली चकती घेऊन झोपणारा डुक्कर!” असं ओरडला. माझी मुलगी दुभाषाचं काम करत होती, ती म्हणाली, बाबा, हे कौतुकाने म्हणतायत बहुतेक.

आता थुंकण्याचं. पहिल्या सत्रात आपल्या कोणाचा तरी कोपर त्याच्या तोंडावर बसला आणि दात पडला. (कोणाचा ते आपण उकरायला नको. माझा नव्हता, मी गोलात होतो.) तोंड रक्ताने भरलेलं, हिरडी ठणकतेय. फळीजवळचा तुकडा फोडला आणि हिरडीवर धरला. तर तुकडा तोंडात फसफसायला लागला! तो दचकला आणि रक्त, गंज, फेस सगळं एकदम थुंकला. समोर तुझे आजोबा पिंप घेऊन उभे. याने हात वर केला तो माफी मागायला, की बाबा, तुझ्या नव्या बर्फावर घाण झाली. तो म्हणतो, “त्या माणसाने टोपी काढली आणि मान खाली घातली. मला वाटलं, किती सभ्य लोक आहेत.”

बघ म्हणजे. एकाने माफी मागितली, दुसऱ्याने ती शिक्षा म्हणून घेतली, आणि दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

बर्फाचं विचारलं. म्हणाला, पहिल्या सत्राचा बर्फ वाईट, दुसऱ्या-तिसऱ्याचा त्याने आयुष्यात पाहिलेल्यांत उत्तम. “आमची पाती त्यावर गात होती. चांगल्या बर्फावर आम्हाला लाकूडतोड्यांनी हरवलं, म्हणून तर घरी कोणाला सांगितलं नाही. साहेबाने सामना पुसला तेव्हा आमच्या प्रशिक्षकाने त्याला मिठी मारली.” म्हणजे तो सामना विसरला नव्हता कोणी. दोन्हीकडून नीट पुरला होता.

आता माझं. तुला खोटं लिहिलं होतं. भुवई शिवायला दहा मिनिटं लागली. आधीची तीस मिनिटं मी बाहेर होतो आणि तुझ्या आजोबांशी भांडत होतो. बोरी, आम्ही हळू होतो, ते वेगवान. तू कोंबड्यासमोर जे शोधून काढलंस ते मला बर्फावर उभं राहून कळलं होतं: चीज जितकं भोकाभोकांचं तितकं आमचं भलं. आणखी एक सत्र तसंच गेलं तर ते थकतील असं मला वाटलं. आणि हा माणूस वाफाळतं पिंप ओढत येतो! मी आडवा झालो. म्हटलं, “दोमोकोश, काच करून दिलीस तर ते दहा मारतील!” तो पिंप ओढतच राहिला. मग मी सगळ्या गावासमोर ओरडलो, “स्वीडनचा घरजावई! किती दिले रे त्यांनी तुला?” गिरणीतले सगळे हसले. तो उलट्या पावलांनी ओतत गेला.

म्हणजे आपल्यासाठी त्याने बर्फ दुरुस्त केला असं फक्त त्यालाच वाटतं. आम्हा बाराजणांना त्या दिवशी वाटलं की तो सामना त्यांना दान करतोय. जिंकल्यावर लाजेने मी त्याच्यासमोर गेलो नाही. मग राहूनच गेलं. तो मैदानावर येत नाही ते माझ्या त्या शब्दामुळे असं मी इतकी वर्षं समजत होतो. म्हणून फोन नाही, म्हणून ‘छाप आणि झोप’. छापलं असतं की मला झोप लागली असती, दुसरं काय.

तुझ्या पहिल्या पत्रातलं एक मात्र चूक आहे, तेवढं दुरुस्त कर. खोल्या बॉयलरने गरम व्हायच्या नाहीत. खोलीत पत्र्याची शेगडी होती, आणि लाकूड कमी पडलं म्हणून आम्ही साहेबाची खुर्ची जाळली होती.

मी येतोय. तोर्स्तेनही येतोय, बसने, तीन दिवसांचा प्रवास. सतरा तारखेला निघतो. त्याला आंबट पाणी पुन्हा प्यायचंय आणि म्हणतो की दात शोधायचाय. हे पत्र दोमोकोशला वाचून दाखव. माझा भाग मोठ्याने वाच, त्याचा डावा कान गिरणीने खाल्लाय.

तुझा, आणि या वेळी खरा,
गाश्पार

*

हिदेगपाताक,
गुरुवार, ११ डिसेंबर

प्रिय गाश्पारबाची,

तुम्ही निघण्याआधी हे पोचेल की नाही माहीत नाही, पण काही गोष्टी तोंडी सांगताना माझा क्रम चुकतो, म्हणून लिहिते.

काल दुपारी तुमचं पत्र वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता. आजी मटार सोलत होती. तोर्स्तेन यांच्या दाताशी आले तेव्हा आजोबांनी हात वर केला.

“कोणता दात?”

“ते लिहिलेलं नाही.”

“डावीकडचा असणार. थुंकी डावीकडे पडली होती.” मग, “फसफसला म्हणतो?” आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. आजीने मटार टाकून धाव घेतली. ते हसत होते. “तेहतीस वर्षं!” म्हणाले. “तेहतीस वर्षं मी त्या माणसाच्या दातापुढे मान खाली घालून उभा आहे!”

तुमच्या घरजावयाच्या ओळीवर त्यांनी नुसती मान हलवली. “ओरडत होता हे दिसलं होतं. मला वाटलं, उशीर केला म्हणून शिव्या देतोय. माझ्या मनात तेच होतं ना.”

पण त्यांचा प्रश्न होता तिथेच होता. “ते सगळं ठीक आहे. तरी आपण पुढे असतो तर...” मग मला तुमची शेगडी आठवली.

मी वही आणली. “आजोबा, आठ पिंपं पाणी बॉयलरमध्ये कढायला किती वेळ लागतो?”

“साडेतीन तास. थंडी फार असली तर वर थोडा.” हे त्यांनी विचार न करता सांगितलं, जसं कोणी स्वतःचं नाव सांगतं.

“सामना किती वाजता सुरू झाला?”

“एकला.”

“पहिलं सत्र कधी संपलं?”

“पावणेदोनच्या सुमारास.”

“मग मध्यंतरात पाणी कढत कसं होतं?”

मी ती ओळ वाचली. ‘रविवार १६. सकाळी नऊ, बॉयलर पेटवला.’ रविवारी गिरणी बंद. खोल्यांना शेगडी. नळ फुटलेला. तुम्ही बॉयलर कशासाठी पेटवलात, आजोबा? एकही गोल व्हायच्या चार तास आधी?

गाश्पारबाची, ते टेबलावर बोटाने काहीतरी रेखत होते, मला वाटतं ओढा. हळूहळू म्हणाले, “ओढा कुऱ्हाडीने फोडला होता. पुलाखाली. बादलीने पाणी काढलं. सकाळपासून दुपारपर्यंत आठच पिंपं भरली, पहिल्या सत्राआधी ती कढली नाहीत. म्हटलं, निदान मध्यंतरात...” आणि तिथे त्यांना कळलं की ते काय बोलतायत.

आजीने मटार पुन्हा उचलले. “तेहतीस वर्षं ज्याला हा प्रश्न झोपू देत नाही, तो माणूस पाहुण्याला मोडक्या खुर्चीवर बसवून ठेवेल होय? मला विचारायचं होतंस, गाढवा. त्या सकाळी तुझे हातमोजे ओढ्यात भिजून लाकूड झाले होते, ते मीच चुलीवर वाळवले.”

“तू का नाही सांगितलंस?”

“तू का नाही विचारलंस?”

पहिल्या पत्रात ‘तो खेळाडूंच्या खोल्या गरम ठेवण्यासाठी असणार’ असं मी न तपासता लिहिलं होतं. सगळं उत्तर त्या ओळीत होतं आणि मी तिच्यावर अंदाज ठेवून पुढे गेले. ती माझी चूक, ती मी टिपणातही कबूल केली आहे. लाझारबाची म्हणाले, कोणी छापील कागदावर स्वतःची चूक लिहितं का? मी म्हटलं, ओळ पुन्हा लिहिली आहे, खड्डा दिसणार नाही. त्यांनी वाचलं, नाक शिंकरलं आणि छापखान्यात स्वतः घेऊन गेले. त्याखेरीज टिपणात आता चारच गोष्टी आहेत: वाईट बर्फ कोणी केला, चांगला कोणी केला, कोणी अडवलं (तुमचं नाव आहे, विचारायला वेळ नव्हता), आणि ४-३.

आज सकाळी आजोबांनी नमद्याचे बूट माळ्यावरून काढायला सांगितले. उंदरांनी एकाची टाच खाल्ली आहे, आजी शिवतेय. ते येणार आहेत, पण त्यांची एक अट आहे. उद्‌घाटनाच्या दिवशीचा थर ते ओतणार नाहीत, त्यांच्या गुडघ्यांना उलटं चालणं झेपत नाही. तो मी ओतायचा. इथे आजवर कुठल्या बाईने पिंप ओढलेलं नाही. लाझारबाची “अं...” म्हणाले, तेव्हा आजोबांनी विचारलं, “गावात दुसरं कोण आहे जे चुकलं तर सगळा थर पुन्हा घालेल?”

दुपारपासून अंगणात सराव करतेय, रिकाम्या पिंपाने. दोनदा पडले. आजोबा खिडकीतून काठीने काच ठोकतात: हळू, हळू, चिंधी उचलू नकोस. तिसऱ्यांदा काच ठोकली नाही, फक्त हात वर केला. मी तो बरोबर अर्थाने घेतला आहे असं धरून चालते.

तोर्स्तेन यांना सांगा की दात मी फळीच्या डाव्या बाजूने शोधला, मिळाला नाही. आंबट पाण्याच्या सहा बाटल्या भरून ठेवल्या आहेत. बर्फासाठी मात्र फक्त ओढ्याचं.

तुमची,
बोर्बाला

ता. क. तुम्ही थेट बसवरून मैदानावर या, घरी कोणी नसेल. आजोबा मधोमध उभे राहतील, मी उलट्या पावलांनी त्यांच्याकडे ओतत येईन. आठ पिंपं. शनिवार, २० डिसेंबर, सकाळी सहा वाजता.